जोडीला दुसरं ठेवलंय, पण वेळेला ते चालेल का? भरवसा तपासून घेण्याची रीत

कागद घ्या आणि त्यावर यंत्राचं नाव न लिहिता कामाचं नाव लिहा. ‘राउटर’ असं न लिहिता ‘कामाच्या वेळेत इंटरनेट चालू राहणं’. ‘हार्ड डिस्क’ न लिहिता ‘आजचे फोटो दहा वर्षांनीही उघडणं’. यंत्र आज ना उद्या बिघडणारच आहे, आपल्याला जपायचंय ते काम.

कामापुढे दोन आकडे मांडा. हे काम जास्तीत जास्त किती वेळ बंद पडलं तर चालेल? आणि किती जुन्या स्थितीवर परत यावं लागलं तर चालेल? फोटो आठवडाभर दिसले नाहीत तरी काही बिघडत नाही, पण हरवून चालणार नाहीत. इंटरनेटचं नेमकं उलटं आहे: हरवण्यासारखं काही नाही, पण अर्धा तास गेलं तरी खोळंबा होतो. एकाला प्रती लागतात, दुसऱ्याला पर्यायी वाट लागते. हे दोन आकडे ठरवण्याआधी खरेदी केली, की पैसा बहुधा भलत्याच ठिकाणी जातो.

साखळी काढा

आता ते काम होण्यासाठी काय काय चालू असावं लागतं ते एकाखाली एक लिहा. इंटरनेटचं उदाहरण घ्या: भिंतीतली वीज, एक्स्टेन्शन बोर्ड, राउटरचा ॲडॉप्टर, राउटर, बाहेरून येणारी फायबर, कंपनीचं टोक, खात्याचं भरलेलं बिल. बिल लिहायला विसरू नका. सेवा बंद पडण्याची कारणं नेहमी विजेच्या तारेतच असतात असं नाही.

साखळीत टक्केवारीचा गुणाकार होतो. पाच दुवे प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालत असतील तर सगळी साखळी ९५ टक्के वेळच चालते. ९९ टक्के ऐकायला छान वाटतं, पण वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ८७ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९५ टक्के म्हणजे वर्षाला अठरा दिवस. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास आणि ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटं. कुणी टक्केवारी सांगितली की लगेच तासांत फिरवा. आणि ठरवून केलेली देखभाल त्यात धरली आहे की वगळली आहे, हेही विचारा. बहुतेक करारांत ती वगळलेली असते.

साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे ॲडॉप्टर. राउटर ‘मधूनच रीस्टार्ट होतो’, विशेषतः सगळे जण एकदम वापरत असताना, तेव्हा आधी ॲडॉप्टरवर संशय घ्या. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग) उष्णतेने सुकत जातात. साध्या कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २,००० तास’ असं आयुष्य दिलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ७५ अंशांवर १६,००० तास, जेमतेम पावणेदोन वर्षं. ६५ अंशांवर ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. बंद कपाटात, टीव्हीच्या मागे, दुसऱ्या गरम डब्याला चिकटून ठेवलेला ॲडॉप्टर निम्म्या आयुष्यात का मरतो, ते या आकड्यांवरून कळतं. त्याला मोकळ्या हवेत आणणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त सुधारणा.

तपासताना ॲडॉप्टर नुसता मोजू नका. भार नसताना थकलेला ॲडॉप्टरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. राउटर चालू ठेवून, शक्य असेल तर मोठी फाइल उतरवत असताना मोजा. व्होल्टेज लेबलपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घसरत असेल, म्हणजे १२चे ११.४च्या खाली जात असेल, तर बदला. नवा घेताना व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात. पिनेची बाहेरची जाडी बऱ्याचदा ५.५ मिमी असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी असतं. २.५ची पिन २.१च्या सॉकेटसाठी घेतली तर ती बसल्यासारखी वाटते आणि हलली की तुटक जोडते, मग दोष राउटरला लागतो. लेबलवरचं ध्रुवांचं चिन्हही जुळवून घ्या.

दहा लाख तासांचा अर्थ

डिस्कच्या माहितीपत्रकात ‘एमटीबीएफ १०,००,००० तास’ असं दिसतं. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. त्याची ११४ वर्षं होतात, पण एक डिस्क ११४ वर्षं टिकेल असा त्याचा अर्थ नाही. आकडा समूहाचा आहे: अशा १,००० डिस्क ठरलेल्या आयुर्मर्यादेत वर्षभर चालवल्या तर साधारण ९ बिघडतील. तुमच्याकडे एकच डिस्क असेल तर हा आकडा खरेदीच्या वेळी तुलना करायला उपयोगी आहे, निर्धास्त व्हायला नाही. एका डिस्कच्या बाबतीत वॉरंटीची वर्षं जास्त बोलकी असतात, कारण तिथे कंपनीने स्वतःचे पैसे लावलेले असतात.

बिघाड सुरुवातीला जास्त, मधे कमी आणि म्हातारपणी पुन्हा जास्त, असा अनेक वस्तूंचा क्रम असतो. म्हणून नवी डिस्क आणली की तिच्यावर एकुलती एक प्रत लगेच ठेवू नका. परत करण्याची मुदत संपायच्या आत ती पूर्ण भरा, पूर्ण वाचा, मगच कामाला लावा. यूपीएस, इन्व्हर्टर, राउटर यांनाही पहिल्या आठवड्यात मुद्दाम पूर्ण भारावर चालवा.

दोन असून एकच

कागदावर दोन वस्तू ९९ टक्क्यांच्या असल्या की जोडी ९९.९९ टक्क्यांची होते. हे गणित एकाच अटीवर खरं आहे: एकीचं मरण दुसरीला लागू होता कामा नये. मोठमोठ्या यंत्रणा नेमक्या इथेच फसल्या आहेत.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य, एक राखीव. दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत, म्हणजे मोठी संख्या तिला न पुरणाऱ्या जागेत, बसवताना राखीव संगणक आधी पडला आणि त्याच चुकीने क्षणार्धात मुख्यही पडला. १९८९ साली युनायटेड २३२ या विमानात हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या, तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या, पण तिन्हींच्या नळ्या शेपटीतल्या इंजिनाजवळून जात होत्या. ते इंजिन फुटलं आणि तिन्ही एकदम रिकाम्या झाल्या. २०११मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात आपत्कालीन जनरेटर अनेक होते, पण बहुतेक सखल जागी होते आणि त्सुनामीच्या पाण्याने ते एकदमच निकामी केले.

आता तुमच्या कागदावरच्या प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: कोणती एक घटना दोघांनाही संपवेल? पाणी, उष्णता, विजेचा झटका, चोरी, एकच पासवर्ड, एकच अपडेट, एकच माणूस, अशी यादी समोर ठेवून विचारा. नुसतं ‘काही होणार नाही’ म्हणण्यापेक्षा यादीने विचारलं की उत्तरं निघतात.

दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली, पण दोन्ही फायबर एकाच खांबावरून येतात. दोन्ही राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत. असं असेल तर दुसरी जोडणी मोबाइल डेटाची असणं जास्त शहाणपणाचं. बँकेचा ओटीपी, ईमेलचा दुसरा टप्पा आणि पासवर्डची वही, तिन्ही एकाच फोनमध्ये असतात. फोन गेला की तिन्ही कुलपं आणि तिन्ही किल्ल्या एकदम जातात. ईमेल खात्याचे रिकव्हरी कोड आजच कागदावर छापून फोनपासून दूर ठेवा.

डेटाच्या बाबतीत दोन गैरसमज फार पक्के आहेत. पहिला, रेड (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी जोडणी) म्हणजे बॅकअप. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं इतकंच. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरा, सिंक (सगळ्या यंत्रांवर फाइली आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप. सिंक तुमची चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतं, आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइलीही. बॅकअपला जुन्या आवृत्त्या हव्यात आणि निदान एक प्रत अशी हवी की जिच्यापर्यंत संगणक रोज पोचू शकत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या इमारतीत, हा जुना नियम अजूनही पुरतो. दोन डिस्क घ्यायच्या तर वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात. एकाच खोक्यातल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असतो. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नका. विजेविना पडून राहिलं की त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो.

अपडेटचंही तेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. विमानतळ, रुग्णालयं, बँका सगळ्यांना एकाच सकाळी एकच रोग झाला. तुमच्याकडे दोन संगणक असतील तर आधी एकावर अपडेट घ्या, दोन-तीन दिवस वापरा, मग दुसऱ्यावर. सुरक्षेच्या अपडेटला याहून जास्त थांबवणं मात्र धोक्याचं आहे.

हिरवा दिवा कशाचा?

१९७९च्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीच्या अपघातात एक झडप उघडी अडकली होती आणि नियंत्रणकक्षातला दिवा सांगत होता की ती बंद आहे. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला ‘बंद हो’ हा हुकूम गेला, एवढंच तो दाखवत होता.

‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश बहुतेक वेळा असाच दिवा असतो. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम साठवणाऱ्या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचं उघड झालं. शेवटी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. त्यांनी ही सगळी हकिकत जाहीर केली, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

म्हणून बॅकअप तपासायचा तो रिस्टोर करूनच. दर तीन महिन्यांनी असं करा:

१. दहा फाइली निवडा. काही सर्वांत जुन्या, काही कालच्या, एक खूप मोठी, एक देवनागरी नावाची. लांब किंवा देवनागरी नावांच्या फाइली काही सॉफ्टवेअरमध्ये मुकाट गळतात.

२. त्या दुसऱ्या संगणकावर परत आणा. मूळ संगणकावर आणल्या तर पासवर्ड, किल्ली, सॉफ्टवेअर आधीच तिथे असतं आणि परीक्षा फुकट जाते. प्रत कूटबद्ध असेल तर तिची किल्ली फक्त मूळ संगणकातच तर नाही ना, हे इथेच कळतं.

३. प्रत्येक फाइल उघडा. नाव आणि आकार बरोबर असूनही आत कचरा असू शकतो. मूळ फाइल हाताशी असेल तर दोन्हींचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून जुळवा. विंडोजवर ‘सर्टयुटिल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ हे आधीच असतं.

४. लागलेला वेळ लिहा आणि त्यावरून सगळ्याचा हिशेब करा. १ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला, वेग एकदाही न घसरता, २२ तासांहून जास्त लागतात. तुमचा सुरुवातीचा पहिला आकडा (किती वेळ बंद चालेल) ‘एका दिवसात परत हवं’ असा असेल आणि डेटा ४ टेराबाइट असेल, तर नुसत्या क्लाउडवर भागणार नाही. घरात एक डिस्क लागेलच.

वीज गेल्यावरची परीक्षा

यूपीएसवरचा मोठा आकडा व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो. भार वॅटमध्ये मोजा. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसला बऱ्याचदा ३६० वॅटच झेपतात. खरा आकडा मागच्या लेबलवर असतो. भार दुप्पट केला तर वेळ निम्मा होत नाही, निम्म्याहूनही कमी होतो, कारण लेड-ॲसिड बॅटरी वेगाने उपसली की तिच्यातून एकूणच कमी निघतं. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका, गरम होताना तो क्षणभर भलताच भार ओढतो.

चाचणी साधी आहे. काम सेव्ह करा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, आणि सॉकेटचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, उपटला तर अर्थिंगही तुटतं. रोजचा खरा भार लावलेला असू द्या. किती मिनिटं चाललं ते तारखेसह यूपीएसवरच चिकटवलेल्या कागदावर लिहा. नुसतं ‘टेस्ट’चं बटण दाबलं तर बॅटरी काही सेकंदच उपसली जाते, आणि थकलेली बॅटरीही काही सेकंद तग धरते. क्षमता नव्याच्या ८० टक्क्यांवर आली की लेड-ॲसिड बॅटरी संपली असं धरून बदलायची रीत आहे, कारण पुढची घसरण एकदम होते. बंद प्रकारची बॅटरी २५ अंशांच्या आसपास तीन ते पाच वर्षं चालते. गरम खोलीत तिचंही आयुष्य कपॅसिटरसारखंच आखडतं. फुगलेली दिसली तर चाचणी करू नका, लगेच काढा.

बिघाड झाल्यावर

रीस्टार्ट करायच्या आधी फोटो काढा: दिवे, पडद्यावरचा संदेश, घड्याळ. रीस्टार्टने लक्षण जातं आणि त्याबरोबर पुरावाही जातो. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, ॲडॉप्टर आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलून चालू झालं, तर दोषी कोण हे कधीच कळत नाही आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाते.

वेळांची नोंद ठेवली की नमुने दिसतात. एखादं यंत्र साधारण ४९ दिवसांनी अडकत असेल तर ३२ बिटांच्या गणकात मोजलेले मिलिसेकंद भरून वाहिले असण्याची दाट शक्यता आहे; तो गणक ४९.७ दिवसांत भरतो. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७साठी याच जातीच्या दोषावर आदेश काढला होता: जनरेटरचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर वीज जाऊ शकते, म्हणून त्याआधी बंद करून सुरू करा. उपाय कळेपर्यंत ठरलेल्या तारखेला स्वतःहून रीस्टार्ट करणं लाज वाटण्यासारखं नाही, फक्त तारीख लिहून ठेवा.

आणि ‘मानवी चूक’ या उत्तरावर थांबू नका. माणूस चुकला, तर त्याची एक चूक एवढी महाग का पडली? पुसण्याआधी विचारलं का नाही? खरा आणि सरावाचा पडदा सारखेच का दिसत होते? उत्तरात बदलता येण्यासारखं काहीतरी सापडेपर्यंत विचारत राहा.

सार्वजनिक यंत्रणांबद्दल बोलतानाही हेच प्रश्न चालतात, आणि ते कोणत्याही पक्षाच्या माणसाला विचारता येतात. १९८६च्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळलं की यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापन एक लाखात एक सांगत होतं आणि काम करणारे अभियंते शंभरात एक. चॅलेंजर धरून एकूण १३५ उड्डाणांत दोन यानं गेली. तेव्हा कुणी ‘शून्य बिघाड’ म्हणालं तर विचारा: कितीपैकी शून्य? मोजलं कुणी? शेवटची पूर्ण चाचणी कधी झाली? काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि त्याने तो वापरला तर त्याचं काय होतं? मतदान यंत्रांवर तर वाद हमखास ‘हॅक होतं की नाही’ इथे अडकतो. त्यापेक्षा जास्त उपयोगी प्रश्न असा: सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या लक्षात न आलेली चूक असेल, तर निकालातला फरक सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता पकडता येईल का? कागदी नोंद आहे का? आणि ती यादृच्छिक नमुना काढून प्रत्यक्ष मोजली जाते का? मोजली जात नसेल तर ती कपाटातल्या कधीच न उघडलेल्या बॅकअपसारखी आहे.

शेवटी तो कागद पुन्हा घ्या. त्यावर कोणती प्रत कुठे, किल्ली कुठे, शेवटची चाचणी कधी, पुढची कधी, आणि कंपनीचा ग्राहक क्रमांक इतकं असू द्या. मग घरातल्या किंवा कचेरीतल्या दुसऱ्या कुणाला तरी तो द्या आणि फक्त त्या कागदावरून एक फाइल परत आणायला सांगा. शेजारी बसा, पण बोलू नका. ते जिथे अडतील तिथे कागदात काय कमी आहे ते लगेच भरा आणि महिन्याभराने तिसऱ्या माणसाला द्या.